अखेर कार्पेट लागलं!

ग्वाल्हेरच्या जानेवारीत मोझॅकच्या फरशीवर अनवाणी पाय ठेवून बघा, म्हणजे आम्ही कार्पेट का घेतलं ते विचारणार नाही. आजींचे गुडघे तर डिसेंबरपासूनच बोलायला लागतात.

रंग पटकन ठरला. घोळ झाला रुंदीचा. रोल १२ फुटी, बैठकीची खोली १३ फूट. म्हणजे जोड आलाच. दुकानदार म्हणे, "मॅडम, पता ही नहीं चलेगा." हे वाक्य ऐकलं की मला हमखास धास्ती वाटते.

पण लावायला आलेले चाचा पक्के कारीगर. आधी फोम अंथरला, मग कार्पेटवर तळहात फिरवून लव कुठे झुकते ते पाहिलं आणि उरलेल्या एका फुटासाठी कापलेला कार्पेटचा पट्टा त्याच दिशेने बसवला. मीही हात फिरवला: एकीकडून गडद, दुसरीकडून फिकट! पट्टा उलटा बसला असता तर एकाच रोलचे दोन तुकडे दोन रंगांचे दिसले असते. जोड आता सोफ्याखाली आहे.

दार मात्र अडलं. फोम आणि कार्पेट मिळून एवढी जाडी झाली की ते उघडेचना. दुकानात याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. दार उतरवून खालून रंधा मारावा लागला, सुताराचे पैसे वेगळे.

काम करता करता चाचांनी इथल्या जयविलास राजवाड्याच्या दरबार हॉलमधला, कैद्यांनी विणलेला गालिचा वर्णन करून सांगितला. मग आमच्या कार्पेटकडे बघून, "ये तो मशीन का माल है."

असू दे. आजींचा हुकूम निघालाय: बैठकीत चहा बंद. येणाऱ्यांनी स्वयंपाकघरात बसायची तयारी ठेवावी.