विजय दिवसाच्या रात्री : ट्रॅक, तोफ आणि क्रू

ठाणे, १६ डिसेंबर, रात्र

विजय दिवस आला की शाळेत, सोसायटीत, तलावपाळीच्या बाकांवर रणगाड्यावर नोकरी केलेल्यांना एकच प्रश्न विचारला जातो : शत्रूचे किती टँक उडवले? ट्रॅक, म्हणजे चाकांवरचा पोलादी पट्टा, किती वेळा उतरला, हे कुणी विचारत नाही. लढाईचे दिवस तर त्याच कामात जातात. म्हणून आज तेवढंच लिहून ठेवतो. उदाहरणाला टी-५५ हा रशियन बनावटीचा रणगाडा घेतो, कारण १९७१ साली जम्मूकडच्या छांबमध्ये मुनव्वर तवी नदीच्या काठी आपले टी-५४ आणि टी-५५ लढले.

वजन ३६ टन. मुलांना वाटतं एवढं धूड चिखलात बुडणारच. पण भार दोन रुंद पट्ट्यांवर पसरतो आणि जमिनीवरचा दाब चौरस सेंटिमीटरला एक किलोच्याही आत राहतो. आपल्या मोटारीच्या टायरमध्ये ३० पीएसआय हवा असते, म्हणजे जवळपास दोन किलोचा दाब. जिथे मोटार रुतते तिथून टँक निघून जातो. तरी कोपरीच्या खाडीकाठच्या काळ्या गाळात तोही अडकेल, कारण अशा गाळात पोट टेकलं की पट्टे नुसते फिरत राहतात.

टी-५५ च्या एका ट्रॅकमध्ये नव्वदएक कड्या. प्रत्येक बाजूला पाच मोठी चाकं, वरच्या बाजूला आधाराचे रोलर नाहीत, पट्टा चाकांवरच लोळतो. पुढे आयडलर (मोकळं फिरणारं चाक), मागे स्प्रॉकेट (दातेरी चाक). इंजिनाची ताकद स्प्रॉकेटमधून ट्रॅकला मिळते. ट्रॅक सैल राहिला आणि ड्रायव्हरने शेताच्या बांधावर, आडव्या उतारावर झटक्यात वळण घेतलं, की पट्टा चाकांवरून निसटतो. उलट्या गिअरमध्ये वळताना तर हमखास. स्प्रॉकेटच्या दातांत चिखल नि दगड दाबून बसले तरी तेच होतं. फार ताठ केला तर पिना आणि बेअरिंग लवकर झिजतात. ताण आयडलरपाशी मोठ्या पान्याने बदलता येतो, आणि तो रोज बघायचाच असतो.

टँक एका अंगाला ओढ घेऊ लागला, खालून खडखड आली, की जागच्या जागी थांबायचं. 'एवढं वळण घेऊन थांबतो' म्हणणारा ड्रायव्हर अर्ध्या तासाचं काम अर्ध्या दिवसाचं करतो. घणाने पिन ठोकून कडी सोडवायची, ट्रॅक जमिनीवर सरळ पसरायचा, पहारीने ओळीत आणायचा, टँक हळूहळू त्यावर चढवायचा. मग तारदोराने टोक स्प्रॉकेटवरून ओढून घ्यायचं आणि दोन कड्या जुळवून पिन ठोकायची. इशारे द्यायला एकच माणूस, बाकीचे गप्प. दोघे ओरडू लागले की बोटं जातात.

रात्री लीगरमध्ये, म्हणजे टँकांच्या रात्रीच्या तळावर, दारूगोळा नि डिझेलचे ट्रक येतात. दिवा नाही, मोठ्याने बोलणं नाही. १०० मिलिमीटरचा एक राउंड, म्हणजे पुंगळीसकट गोळा, साधारण ३० किलोचा. टँकमध्ये ४३ मावतात, म्हणजे पूर्ण भरायचा झाला तर चार माणसांच्या हातून जवळपास तेराशे किलो सरकतात. ट्रकवरून डेकवर, डेकवरून हॅचमध्ये, आत लोडर (तोफेत गोळे भरणारा) एकेक रॅकमध्ये बसवतो. हा लोडर तोफेच्या उजव्या बाजूला असतो, त्यामुळे राउंड डाव्या हाताने ब्रीचमध्ये, म्हणजे तोफेच्या मागच्या तोंडात, ढकलावा लागतो. हलत्या टँकमध्ये, गरम रिकाम्या पुंगळ्या पायाखाली लोळत असताना. या माणसाबद्दल मला फार वाटतं. गौरवाच्या लेखांत तो क्वचितच दिसतो.

झोप मिळेल तेवढी घ्यायची, पण टँकखाली कधीच नाही. भिजलेल्या जमिनीत ३६ टन रात्रभरात हळूहळू खाली बसतात आणि झोपलेल्या माणसाला कळतही नाही. डिसेंबरात जम्मूकडे दव पडतं, तेव्हा ही आज्ञा जास्तच कडक असते.

पहाटे स्टँड टू, म्हणजे हल्ला होईल या तयारीने सगळे सज्ज. त्याआधी बॅरलची, म्हणजे तोफेच्या नळीची, सफाई. लांब दांड्याचे तुकडे जोडून, पुढे ब्रश लावून, तीन-चार जण तोंडातून आत-बाहेर ओढतात. फायरिंगनंतर नळीत राहिलेली घाण ओल धरते, म्हणून दुसऱ्या दिवशीही पुन्हा साफ करायची. नंतर नेम जुळवायचा. स्ट्रायकर, म्हणजे गोळा पेटवणारी खीळ, काढायचा. बॅरलच्या तोंडावर चार खुणा असतात, त्यांवर ग्रीस लावून दोन दोरे फुलीसारखे चिकटवायचे. ब्रीचच्या बारीक भोकातून एक डोळा लावून बघितलं, की नळीच्या टोकाला ती फुली दिसते. हजार मीटरपलीकडची ठळक खूण घ्यायची : विजेच्या खांबाचा आडवा हात, देवळाच्या शिखराची कड. फुली त्यावर आणायची आणि गनरच्या साइटचा काटाही त्याच टिंबावर फिरवायचा. बॅरलच्या एका अंगाला ऊन लागलं की पोलाद किंचित वाकतं, धक्क्यांनी साइट हलते, म्हणून हे एकदा करून भागत नाही. शेवटी स्ट्रायकर परत बसवला का, हे दोघांनी बघायचं. तो नसेल तर ऐन वेळी गोळा सुटत नाही.

समोर पाकिस्तानकडे चिनी टी-५९ होते, आणि लांबून ते आपल्या टी-५५ सारखेच दिसतात. म्हणून आपल्या टँकच्या बॅरलवर मध्यभागी एक खोटा ड्रम बसवला होता, नेम धरण्याआधी ओळख पटावी म्हणून.

१६ डिसेंबर १९७१ ला बसंतर नदीपाशी जरपाल गावाजवळ पूना हॉर्स रेजिमेंटचे सेंच्युरियन रणगाडे होते. त्या आर्मर्ड ब्रिगेडची कमान अलिबागच्या अरुण वैद्यांकडे. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, जन्म पुण्याचा, वय २१. त्यांच्या 'फामागुस्ता' नावाच्या टँकला आग लागली, मागे येण्याचा आदेश आला, पण तोफ चालू आहे म्हणून ते थांबले. त्या तोफेमागे गनर नथू सिंग होते, ड्रायव्हरच्या जागी प्रयाग सिंग आणि रेडिओवर नंद सिंग. खेत्रपाल आणि नंद सिंग परत आले नाहीत. दर वर्षी आज चारही नावं मी मोठ्याने घेतो.

ठाण्याहून माळशेज घाटाने अहिल्यानगर गाठता येतं. तिथल्या टँक म्युझियममध्ये मुलांना न्या. फोटो तोफेसमोर काढाच, पण त्याआधी टी-५५ च्या मागच्या बाजूला वाका. ट्रॅकच्या पिनांची डोकी आतल्या अंगाला असतात. चालताना एखादी पिन बाहेर सरकली, तर स्प्रॉकेटजवळचा पोलादी उंचवटा तिला दर फेऱ्याला ठोकून परत आत बसवतो. तो उंचवटा मुलांना हाताने चाचपू द्या.