चाप परत कसा येतो ते दाखव

बेळगावात बंदुका दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या टेबलावर .४४ मॅग्नम, म्हणजे फार जोरदार काडतुसाचं रिव्हॉल्वर, कधी येत नाही. आमच्याकडे येतात त्या बारा बोअरच्या दुनळ्या, खानापूर-नंदगडकडच्या शेतकऱ्यांनी रानडुकरांसाठी ठेवलेल्या एकनळ्या आणि कानपूरच्या सरकारी कारखान्याची .३२ ची रिव्हॉल्वरं. परदेशी रिव्हॉल्वर मागवणं साध्या परवानेवाल्याच्या हातात नाही आणि २०१९ मध्ये कायदा बदलल्यापासून एका माणसाकडे हत्यारं दोनच. तेव्हा मॅग्नमचा आणि माझा संबंध आजवर नकाशापुरता होता. सुटे भाग वेगळे करून दाखवलेले ते नकाशे मी फार आवडीनं बघतो. घरचे हसतात.

२०२४ च्या लोकसभेची आचारसंहिता उठल्यानंतरचा शनिवार होता. निवडणूक आली की लोक आपली हत्यारं पोलीस ठाण्यात नाहीतर आमच्यासारख्यांकडे जमा करतात आणि आचारसंहिता उठली की सगळ्यांना ती त्याच दिवशी परत पाहिजे असतात. दिवसभर पावत्या, नोंदवही, नंबर ताडून बघणं, सही. मध्येच चंदगडकडचा एक जण आला, त्याच्या बंदुकीचं काम करून मिळेल का विचारायला. त्याचा परवाना फक्त महाराष्ट्रापुरता. शिनोळीचा नाका ओलांडून बंदूक इकडे आणलीस तर मी काम करीन आणि तू आत जाशील, असं सांगून त्याला चहा पाजून परत पाठवला. बाहेर पाऊस लागला होता.

शटर अर्धं ओढलं तेवढ्यात छत्री झटकत सुभेदार आत आले. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त, गाव उचगाव. त्यांचं .३२ माझ्याकडेच जमा होतं, ते घेतलं, सही केली आणि खुर्ची ओढून बसले.

"मिस्त्री, साडेआठला पोराचा फोन येणार हाय. घरला जाऊ नका."

थोरला डॅलसला असतो. ग्रीन कार्ड झालंय, त्यामुळे तिथं त्याला रीतसर हत्यार विकत घेता येतं. नेमबाजीच्या रेंजवर जायचा नाद लागलाय. एका दुकानात दोन जुनी रिव्हॉल्वरं त्यानं हेरून ठेवली होती, किमतीला जवळपास सारखीच. एक स्मिथ अँड वेसनचं ६२९, सहा इंची नळी. दुसरं रूगरचं रेडहॉक, साडेसात इंची. दोन्ही स्टेनलेस, दोन्ही .४४ मॅग्नम, दोन्ही डबल ॲक्शन, म्हणजे चाप ओढत नेला की घोडा आपोआप मागं जातो आणि पडतो. त्याला ठरत नव्हतं. सुभेदारांचं ठरलं होतं.

"रूगर घे म्हणून सांगा की त्याला. लोखंड बघा किती हाय!"

लोखंडाचं खरं आहे. .४४ मॅग्नम हे काडतूस १९५५ च्या अखेरीस स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टन यांनी मिळून बाजारात आणलं. रेडहॉक आलं १९७९ मध्ये, म्हणजे या काडतुसाचा मार कुठे बसतो हे जगाला कळल्यावर, आणि ते त्या मारासाठीच बांधलंय. सांगाड्याला स्मिथसारखी बाजूची झाकणपट्टी नाही, त्यामुळे तिथं सलग पोलाद. काडतुसं बसतात त्या फिरत्या सिलिंडरला जागेवर अडकवायच्या खाचा काडतुसांच्या घरांच्या बरोबर डोक्यावर न ठेवता बाजूला सरकवलेल्या, म्हणजे धातू जिथं पातळ होईल तिथं खाच नाही. साडेसात इंची रेडहॉक दीड किलोच्या वर जातं, सहा इंची ६२९ त्याहून पाव किलोनं हलकं. उलट स्मिथच्या जुन्या चव्वेचाळिसांवर सतत जड काडतुसं मारली की झटक्यानं सिलिंडर मागं फिरल्याच्या तक्रारी येत. १९८० च्या दशकाच्या शेवटी कंपनीनं खाचा लांब केल्या, आतले भाग सुधारले. हे सगळं जिथं तिथं लिहिलेलं असतं आणि माणूस ते वाचून रूगरकडे झुकतो.

फोन लागला. तिकडे सकाळचे दहा, दुकान नुकतंच उघडलेलं. मी पहिला प्रश्न विचारला तो हत्याराचा नव्हताच.

"मारणार काय आणि किती?"

"दर रविवारी एक डबा, काका. पन्नास. कागदावरच. शिकार नाही."

"सगळे मॅग्नम?"

जरा थांबून म्हणाला, "रेंजवर भाड्याचं घेऊन मारलं होतं. वीसेक गोळ्यांनंतर हात थरथरायला लागला. नंतर स्पेशल मारल्या."

अर्धा निकाल तिथंच लागला असं मला वाटतं. .४४ स्पेशल हे १९०७ चं काडतूस. त्याचं पितळी नळकांडं मॅग्नमपेक्षा इंचाच्या आठव्या हिश्श्यानं आखूड, बाकी जाडी तीच, म्हणून ते मॅग्नमच्या घरात बसतं. गोळी दोन्हीत साधारण साडेपंधरा ग्रॅमची, पण मॅग्नममध्ये ती सेकंदाला चारशे मीटरच्या आसपास सुटते आणि स्पेशलमध्ये सव्वादोनशे-अडीचशे. जो माणूस दर रविवारी पन्नास मारणार, तो वर्षभरात नव्वद टक्के स्पेशलच मारणार. त्याला तोफेची ताकद कशाला? मॅग्नम मारत राहिला तर गोळी सुटायच्या आधीच डोळा मिटायची, मनगट खाली ओढायची सवय लागते, आणि ती सवय सुटायला वर्ष जातं.

"बरं," म्हटलं, "आता काउंटरवाल्याला विचार, रिकामा घोडा पाडलेला चालेल का. आणि खोटी काडतुसं माग."

पहिलं ६२९ घेतलं. त्याचा मोबाइल तिथल्या पोरानं धरला. मी सांगत गेलो, तो करत गेला. सिलिंडर उघड, सहाही घरं रिकामी दाखव. बंद कर. आता पुढं-मागं हलवून बघ, आवाज येतो का. आला नाही. नळीचं मागचं तोंड आणि सिलिंडर यांच्यात फट असते, तिथं साधा प्रिंटरचा कागद घाल. एक गेला. घडी करून घाल. दुहेरी जाईना. म्हणजे फट ०.१ मिलिमीटरच्या वर आणि ०.२ च्या आत, हवी तशी. नळीच्या वर सांगाड्याच्या पट्टीवर गरम वायूनं कोरल्याची रेघ नखाला लागते का? जेमतेम. म्हणजे आधीच्या मालकानं मॅग्नम फार मारलेले नाहीत.

मग टायमिंग, म्हणजे प्रत्येक घर नळीसमोर वेळेवर येऊन अडकतं का ते. सिलिंडरला बोट हलकं टेकवून ठेवायचं, जरासा अडथळा होईल इतकंच, आणि अंगठ्यानं घोडा अगदी सावकाश मागं न्यायचा. घोडा शेवटच्या टप्प्यात अडकण्याआधी खालची खुंटी खाचेत पडल्याचा टिक असा आवाज आला पाहिजे, प्रत्येक घराला. त्यानं मोबाइल जवळ धरला. पावसाचा आवाज नको म्हणून मी शटर पूर्ण ओढलं. सहा घरं, सहा टिक, सगळे वेळेवर. घोडा चढवून अंगठ्यानं पुढं ढकल म्हटलं, जोरात. पडला नाही.

आता रेडहॉक. तीच सगळी तपासणी. फट बरोबर, टायमिंग बरोबर, खेळ काहीच नाही. सुभेदार माझ्याकडे बघून मिशीत हसले. पोरगाही खूश, कारण चाप ओढल्यावर त्याचा चेहराच उजळला.

"काका, हे स्मिथपेक्षा हलकं लागतंय!"

इथं मी थांबलो. रेडहॉकमध्ये घोड्याला आणि चापाला मिळून एकच स्प्रिंग असते. स्मिथमध्ये तसं नाही, तिथं घोड्याला मुठीतली पानपट्टी आणि चाप परत आणायला वेगळी वेटोळी स्प्रिंग. मिस्त्रीला स्मिथमध्ये दोन्हींचं वेगवेगळं जमवता येतं. रेडहॉकमध्ये एक हलकं केलं की दुसरंही हलकं होतं, म्हणून वापरलेलं रेडहॉक स्मिथपेक्षा हलकं लागलं तर कान टवकारायचे.

"चाप ओढ. आता बोट पुढं सोड, पण पटकन नाही. चाप परत कसा येतो ते दाखव."

त्यानं दाखवलं. पुन्हा दाखव म्हटलं. बोट पुढं गेलं आणि चाप मागं रेंगाळला, उसने पैसे परत करणाऱ्यासारखा. स्मिथचा बोटाला चिकटून येत होता.

"तुमच्या मिस्त्रीला बोलाव," म्हटलं.

तिथला मिस्त्री आला, दाढीवाला, एप्रन लावलेला. त्याचं टेक्सासी इंग्रजी, माझं बेळगावी, मध्ये सुभेदारांचा पोरगा. मी 'स्प्रिंग, शॉर्ट, मे बी कट' एवढं म्हणालो आणि त्यानं मान हलवून लगेच मूठ सोडवली. दुभाष्याची गरजच पडली नाही. स्प्रिंग काढून त्यानं मोबाइलसमोर धरली, शेजारी आपल्या डब्यातली नवी. जुनी वेढ्यांनी कमी भरली आणि तिचं टोक कटरनं तोडलेलं, साफ दिसत होतं. आधीच्या कुणा मालकानं चाप हलका करायला घरीच हा उद्योग केलेला.

"त्यानं होतंय काय?" सुभेदार.

"रेंजवर चाप ओढायचा, घोडा पडणार, आणि कधी कधी काडतूस उडणारच नाही. पिनेला काडतुसाच्या बुडाची टोपी फोडायला जोर पाहिजे."

"ड्यूटीवर असं झालं तर?"

मी काही बोललो नाही. त्यांना माहीत होतं.

दुकानाची चूक नव्हती आणि तो मिस्त्री भला माणूस, नवी स्प्रिंग फुकट घालून देतो म्हणाला, तिथंच घातलीही. आता रेडहॉक जसं असायला हवं तसं झालं. पोरानं पुन्हा चाप ओढला आणि चेहरा उतरला. हे खरं वजन. काउंटरवर हलका चाप माणसाला भुलवतो, आणि दुकानात तर टोपी फोडायचीच नसते.

मग मी त्याला नाणं ठेवायला लावलं. नळीच्या वरच्या पट्टीवर, नेम धरायच्या पुढच्या माशीच्या जरा मागं, एक नाणं आडवं ठेवायचं आणि डबल ॲक्शननं सावकाश चाप ओढायचा. घोडा पडला तरी नाणं वर राहिलं पाहिजे. स्मिथवर ते बहुतेक वेळा राहिलं. रेडहॉकवर ओढ अर्ध्यावर येईपर्यंत त्याची मूठच फिरायची आणि नाणं काचेवर खणखणायचं. त्याचं बोट आखूड, चापापर्यंत पोचताना तळहात मुठीवरून सरकायचा. रेडहॉकची पकड मोठ्या पंजाची आहे, यात त्या हत्याराचा दोष काय?

सुभेदार ऐकेनात. "जड हत्यार झटका खातंय. दीड किलोचं घेतलं तर मनगट वाचतंय."

मुद्दा बिनतोड आहे आणि मॅग्नम मारणाऱ्याला मी तोच सांगितला असता. जड काडतुसं, रानात जनावर, वर्षातून थोड्याच गोळ्या, तर डोळे झाकून रेडहॉक. पण स्पेशलचा झटका मुळात एवढा नाही की पाव किलोनं फार फरक पडावा. उलट पन्नास गोळ्या होईपर्यंत दीड किलो हात लांब करून धरायचं म्हणजे शेवटच्या दहा गोळ्या जमिनीकडे बघतात. इथून दोन-अडीच तासांवर कोल्हापूर आहे. तिथल्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सोनं मारलं, ते .२२ वर. या खेळातले लोक गोळीविना नुसता चाप ओढण्यात किती वेळ घालवतात ते सुभेदारांना सांगितलं. कोल्हापूरचं नाव काढल्यावर ते जरा नरमले, पण पटलं असं नाही.

पोरानं ६२९ घेतलं. तिकडच्या कागदपत्रांना आमच्याइतका वेळ लागत नाही, हे बघून मला थोडी असूयाही वाटली. माझं कपाट आठवलं, त्यातली नोंदवह्यांची चळत.

फोन ठेवायच्या आधी दोन-तीन गोष्टी त्याला बजावल्या. स्पेशल मारत राहिलास की घराच्या पुढच्या भागात काजळीचं कडं बसतं, ते ब्रशनं काढल्याशिवाय मॅग्नम घालू नकोस, अडकेल. रिकामी नळकांडी बाहेर ढकलणारा दांडा कधी सैल वाटला तर त्याचे आटे उलटे आहेत, नेहमीच्या बाजूला पिळलास तर अजून सुटेल. आणि मुठीच्या पुढच्या अंगाला खाली एक स्क्रू आहे, तो पानपट्टीला ताण देतो, तो पूर्ण आवळलेलाच राहू दे.

पंधरवड्यानं त्याचा निरोप आला. सोबत निशाणाचा फोटो, मधल्या काळ्या गोलात बरीचशी भोकं, काही डावीकडे खाली ओढलेली. खाली लिहिलं होतं, चाप अजून थोडा हलका पाहिजे, तो स्क्रू अर्धा आटा सैल केला तर चालेल का.

नाही म्हणून कळवलं, आणि नाणं ठेवून सराव कर म्हणून सांगितलं.