तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या लेथला रंग कधी द्यायचा?

"सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचा लेथ मिळालाय. गंजलाय, रंग उडालाय. सगळा खोलून, घासून, रंगवून घेऊ का?" लेथबद्दल, म्हणजे धातू फिरवत कापून घडवणाऱ्या यंत्राबद्दल, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. उत्तर असं, की रंग सगळ्यात शेवटी, आणि खोलणंही लगेच नको. आधी पुसा, तेल द्या आणि मोजा. मशिन सुटं केलं की कुठे किती झीज होती, हे सांगणारा पुरावाच निघून जातो. मग जोडणीनंतर दिसलेला दोष जुना की तुमच्या हातून आलेला, हे ठरवता येत नाही.

मोजायला सुरुवात बेडपासून, म्हणजे ज्यावर बाकी सगळं बसतं त्या लांब पायापासून करा. सॅडलचं (हत्यार घेऊन बेडवर सरकणारा भाग) बहुतेक आयुष्य चकच्या (कापायचा तुकडा पकडून फिरवणारा जबडा) जवळ जातं, त्यामुळे झीज तिथे जास्त असते. टेलस्टॉकच्या (चकसमोरून तुकड्याला आधार देणारा भाग) टोकाकडे बऱ्याचदा मूळ स्क्रेपिंगच्या किंवा ग्राइंडिंगच्या खुणा अजून शाबूत दिसतात. सॅडलची गिब (ढिलेपणा काढायची पट्टी) चकजवळ छान बसेल इतकी आवळा आणि सॅडल टेलस्टॉककडे न्या. वाटेत अडकलं, तर बेड झिजलाय. किती, ते पाहायला सॅडलवर डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं साधन) बसवा आणि टोक टेलस्टॉकच्या सपाट पट्टीवर टेकवा. ती पट्टी कमी झिजलेली असते. सॅडल चककडे येताना काटा जितका सरकेल, साधारण तितकं सॅडल खाली बसलंय.

हा आकडा बघून पुष्कळ लोक घाबरतात, म्हणून थोडा हिशेब सांगतो. 25 मिमी व्यासाच्या कामावर (कापायच्या तुकड्यावर) हत्यार सरळ 0.1 मिमी खाली गेलं, तर व्यासात एक मायक्रॉनचाही फरक पडत नाही. तेच हत्यार आडवं 0.1 मिमी मागे सरकलं, तर व्यास 0.2 मिमी वाढतो. म्हणून खरा प्रश्न सॅडल किती झुकतं हा आहे. बेडची पुढची, तुमच्याकडची पट्टी मागचीपेक्षा 0.1 मिमी जास्त झिजली असेल, दोन्हींमधलं अंतर 200 मिमी आणि हत्याराची उंची 100 मिमी असेल, तर हत्यार 0.05 मिमी तुमच्याकडे येतं आणि व्यासात 0.1 मिमीची चूक दिसते. लांब शाफ्ट काढायचे असतील तर ही चूक नडते. आखूड कामात ती जाणवतही नाही, कारण तेवढ्या अंतरात झीज जवळजवळ सारखीच असते. बेड ग्राइंड करून घ्यावा की नाही, हे तुम्ही काय बनवणार आहात यावर ठरवा. निव्वळ आकड्यावर ठरवू नका.

स्पिंडल (चक फिरवणारा पोकळ दांडा) तपासायला डायल गेज हेडस्टॉकवर (स्पिंडल धरणारी पेटी) बसवून टोक स्पिंडलच्या नाकावर, म्हणजे चक बसतो त्या टोकावर टेका, स्पिंडलच्या भोकात लाकडी दांडा घाला आणि वर उचला. साध्या गनमेटल किंवा बॅबिट (मऊ मिश्रधातू) बेअरिंगच्या छोट्या लेथमध्ये 0.02 ते 0.03 मिमी हालचाल योग्यच आहे, तेलाचा थर तेवढ्या जागेत राहतो. काटा अजिबात हलेना अशी बेअरिंग आवळली, तर ती तापून धरते. खेळ जास्त असेल आणि बेअरिंग दोन अर्धांची असेल, तर मधल्या पातळ शिम (पत्र्याच्या पट्ट्या) दोन्ही बाजूंनी सारख्याच जाडीच्या काढा. एका बाजूनेच काढली तर टोपी, म्हणजे वरचा अर्धा, तिरकी बसते. क्रॉस स्लाइडच्या (हत्यार आडवं आत-बाहेर नेणारा भाग) स्क्रूला 0.2-0.3 मिमी बॅकलॅश (दिशा बदलताना जाणवणारा खेळ) असेल तर तो तसाच राहू द्या. हत्यार नेहमी एकाच दिशेने आत आणलं की काम बरोबर येतं.

आता खोला. प्रत्येक भागाचे फोटो, आणि शिम जिथली तिथेच बांधलेली. सर्वांत जास्त नासधूस टेपर पिनांपाशी (भाग शाफ्टला जखडणाऱ्या निमुळत्या पिना) होते. मेट्रिक पिनेचा उतार 1:50, इंची पिनेचा 1:48, म्हणजे दोन टोकांतला फरक डोळ्यांना जेमतेम दिसतो. कॅलिपरने दोन्ही टोकं मोजा आणि बारीक टोकावरच ठोका. उलट ठोकली तर पिन अधिकच घट्ट होते. टोक आधीच्या कुणी चेपून फुगवलं असेल तर ते कानशीने सपाट करून घ्या. तरी निघाली नाही, तर हबला (पुली किंवा गिअरचा शाफ्टवर बसणारा मधला भाग) गरम हवेचं किंवा टॉर्चचं शेक द्या. पुलीच्या कडेवर हातोडी मात्र कधीच नको. बीड वाकत नाही, तुटतं.

साउथ बेंड या अमेरिकन कंपनीच्या छोट्या लेथमध्ये स्पिंडलखाली स्प्रिंगवर बसलेली, तेल पोचवणारी फेल्टची वात असते. स्पिंडल परत सरकवण्याआधी ती खाली दाबून बारीक सळईने अडवून ठेवावी लागते, नाहीतर ती चिरडते. ब्रिटिश मशिनवर आटे व्हिटवर्थचे, 55 अंशांचे. अमेरिकन मशिनवर 60 अंशांचे. बऱ्याच मापांना पिच (आट्यांमधलं अंतर) सारखा असल्याने चुकीचा नट चढतो आणि बसलाय असं वाटतं. 1/2 इंचाला फरक लगेच कळतो: व्हिटवर्थचे इंचाला 12 आटे, अमेरिकन 13. नट थोडा आत जाऊन अडला, तर जोर लावू नका.

गंजाबद्दल माझं मत ठाम आहे: बेडवर एमरी पेपर लावूच नये. त्याचे कण बिडाच्या छिद्रांत रुततात आणि पुढे सॅडलच्या प्रत्येक फेरीबरोबर घासत राहतात. रॉकेल ओतून, धारदार ब्लेड जवळजवळ आडवं धरून खरवडा. काळे डाग राहिले तर राहू देत, त्याने अचूकता बिघडत नाही.

सुट्या लोखंडी भागांना इलेक्ट्रोलिसिससारखा (पाण्यातून वीज सोडून गंज काढण्यासारखा) उपाय नाही. प्लास्टिकच्या टबात 10 लिटर पाण्याला साधारण 50 ग्रॅम धुण्याचा सोडा, 12 व्होल्टचा चार्जर, भाग ऋण टोकाला, धन टोकाला साध्या लोखंडाची पट्टी. स्टेनलेस स्टीलची पट्टी वापरू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून काम उघड्यावर करा आणि चिमटे काढण्याआधी चार्जर बंद करा. अ‍ॅल्युमिनियम या पाण्यात खाल्लं जातं. स्प्रिंग आणि कडक केलेले भाग हायड्रोजनमुळे ठिसूळ होऊ शकतात, ते हातानेच साफ करा. व्हिनेगरही गंज काढतं, पण जस्त-मिश्रधातूचे गिअर त्यात गेले की दात गेले. जुन्या अ‍ॅटलस या अमेरिकन बनावटीच्या लेथचे चेंज गिअर (आटे पाडताना पिचप्रमाणे बदलायचे गिअर) याच धातूचे आहेत. टबातून काढलेला भाग धुऊन लगेच सुकवा आणि तेल लावा, काही मिनिटांत पुन्हा तांबूस थर येतो.

जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता धरूनच चाला. तो कोरडा घासू नका. जेल स्ट्रिपर (रंग सोडवणारं रसायन) लावून ओला असतानाच खरवडा आणि कचरा वेगळा ठेवा.

जोडताना तेलाची भोकं तारेने मोकळी करा, त्यांत ग्रीस भरू नका. ग्रीस बुरा (कापलेल्या धातूचे कण) धरून ठेवतं आणि मागून येणारं तेल अडवतं. बेडसाठी आयएसओ व्हीजी 68 (तेलाच्या दाटपणाची श्रेणी) चं स्लाइडवे तेल, स्पिंडलला बरंच पातळ. मोटार तीन फेजची असेल तर व्हीएफडीवर (मोटारीला तीन फेज पुरवून वेग बदलणारं उपकरण) सिंगल फेजवर चालवता येते, मात्र स्क्रूने बसणारा चक असेल तर उलट फिरवणं आणि झटकन ब्रेक लावणं बंद करून ठेवा. चक सुटून उडतो.

मग लेव्हल. 0.02 मिमी प्रति मीटरची लेव्हल बेडवर आडवी, दोन्ही टोकांना ठेवा. बुडबुडा मधोमध यायलाच हवा असं नाही, दोन्हीकडे सारखाच दिसला पाहिजे. शेवटची परीक्षा कापूनच होते: चकमध्ये जाड सळई, टेलस्टॉकचा आधार नाही, 100-150 मिमी अंतरावर दोन कॉलर (सळईवर ठेवलेले जाडसर पट्टे), एकाच सेटिंगने 0.05 मिमीचा हलका कट. बाहेरची, चकपासून लांबची कॉलर मोठी आली, तर टेलस्टॉककडचा पुढचा पाय शिमने किंचित उचला. लहान आली तर उलट करा. पाय हलवून फरक जात नसेल, तर हेडस्टॉकची बैठक पाहा, तिथे रंगाचा थर किंवा बुऱ्याचा कण अडकलेला असतो.

दोन्ही कॉलर जुळल्या की रंगाचा डबा उघडा. तेलाची भोकं, गिबचे स्क्रू आणि एकमेकांवर बसणारे सगळे पृष्ठभाग आधी टेपने झाकून घ्या.