सेल्फ घेते, पण धरत नाही

सोयाबीनची सुगी ऐन भरात होती. अंबाजोगाई-लातूर रस्त्यावर, बर्दापूरच्या अलीकडच्या एका शेतातून फोन आला. "मिस्त्री, गाडी सेल्फ लई झ्याक घेतीय, पण धरतच न्हाई बघा."

गाडीतला बिघाड वाचून दाखवणारा माझा स्कॅनर नेमका दुरुस्तीला गेला होता. मल्टिमीटर, करंट बघायचा टेस्टर आणि क्लीनरचा स्प्रे पिशवीत टाकून मोटारसायकलवर निघालो.

लिंबाखाली छोटी पेट्रोल कार, पलीकडं मळणीयंत्र भुसा उडवतंय. गाडीच्या काचांवर बोटभर धूळ. आदल्या दिवशी एक फिटर येऊन गेला होता. चार प्लग आणि नवी बॅटरी घालून, पैसे घेऊन गेला. प्लगची रिकामी खोकी अजून डॅशबोर्डवर होती.

गाडीमालक तात्यांना सीटवर बसवलं नि म्हटलं, "मारा सेल्फ." ढक-ढक-ढक, एकसारखा दाब घेत इंजिन फिरत होतं. टायमिंगचा पट्टा किंवा चेन तुटली असती तर इंजिन बिनवजनाचं गर्रकन फिरलं असतं, तो आवाज एकदा कानात बसला की विसरत नाही. चावी नुसती ऑन केली तर मागच्या सीटखाली पेट्रोलचा पंप दोन सेकंद गुणगुणून थांबला. म्हणजे पंपही जिवंत. थ्रॉटलमधून, म्हणजे इंजिनात हवा जाते तिथून, तो पेट घेणारा स्प्रे मारला. पेट्रोलच कमी पडत असतं तर क्षणभर तरी धरून बंद पडली असती. साधी खोकलीसुद्धा नाही.

प्लगवरची कॉइल काढून टेस्टर लावला, ठिणगी नाही. प्लग काढला. एवढा सेल्फ मारल्यावर तो पेट्रोलनं ओला व्हायला पाहिजे, तर हा कोरडा ठणठणीत. करंट नाही आणि पेट्रोल फवारणारा इंजेक्टरही गप्प. दोन्ही एकाच वेळी मरत नाहीत. दोघांना हुकूम देणारा ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, आणि इंजिन फिरतंय हे त्याला कळवणारा क्रँक सेन्सर. उंदरानं वायर कुरतडली असणार असं धरून मी गाडीखाली शिरलो. कनेक्टर पुसला, वायर चाचपली. अर्धा तास गेला, पाठीला सोयाबीनची धसकटं टोचली ती वेगळी. वायरला दातसुद्धा लागला नव्हता.

मग जे पहिल्यांदा करायला हवं होतं ते केलं. तात्यांना उठवून स्वतः सीटवर बसलो आणि मीटरची काच बाहीनं पुसली. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलत होता. सेन्सर ठीक! आणि कोपऱ्यात चावीच्या चित्राचा छोटा लाल दिवा लुकलुकत होता. धुळीत आणि दुपारच्या उन्हात तो कुणालाच दिसला नव्हता.

चावी काढून हातात घेतली. हलकी, कडा नव्या कोऱ्या.

"तात्या, ही चावी कुठली?"

"पोरानं बाजारातून करून आणली. पहिली राशीत पडली कुठंतरी."

"कधी?"

"मंगळवारी."

"आन् गाडी कधीपासून बंद हाय?"

तात्या जरा थांबले. "मंगळवारपासूनच की ओ."

कंपनीच्या चावीच्या काळ्या मुठीत बारीक चिप असते. तिला सेल लागत नाही; लॉकभोवतीची कॉइल तिला जागी करते आणि ती आपला नंबर सांगते. नंबर जुळला तरच ईसीएम पेट्रोल आणि करंट सोडतो. बाजारातल्या चावीला फक्त दात असतात. त्या दातांनी दार उघडत होतं, सेल्फ फिरत होता, मग चावीवर संशय येणार कुणाला? आदल्या दिवशीच्या फिटरला मी नावं ठेवणार नाही, मीही तास घालवलाच होता. पण बॅटरी विकायचं काही कारण नव्हतं.

"गाडी घेतली तेव्हा दोन चाव्या दिल्या असतील ना?"

काकूंनी घरून कागदपत्रांचा डबा आणला. तळाशी दुसरी चावी, प्लास्टिकच्या पिशवीत जशीच्या तशी. मी मुद्दाम बाजारचीच चावी लॉकमध्ये ठेवली, कंपनीच्या चावीची मूठ शेजारी टेकवून धरली आणि सेल्फ मारला. पहिल्याच झटक्यात इंजिन चालू. मळणीवरची माणसं काम सोडून बघायला आली.

म्हटलं, "तात्या, ही खरी चावी जपून ठेवा. लातूरला नेऊन चिपवाली आणखी एक जोडून घ्या. तोवर दोन्ही वेगवेगळ्या ठेवा."

तात्यांनी सुतळीचा तुकडा घेतला आणि दोन्ही चाव्या एकत्र करकचून बांधल्या.

"आता कशी चालू होत न्हाई बघतो," म्हणाले.