दहा सेकंदांचा व्हर्मीर

स्नॅपचॅटवर मी आणि माझी मामेबहीण एक खेळ खेळतो. एखादं गाजलेलं चित्र निवडायचं, घरातल्या वस्तू आणि स्वतःचा चेहरा घेऊन ते फोटोत उभं करायचं, त्यावर ॲपमधल्या पेनने बोटानेच रंगवायचं आणि दहा सेकंदांत गायब होईल अशी वेळ लावून पाठवून द्यायचं. तेवढ्यात समोरचीने ओळखायचं. नाही ओळखलं तर दोष पाठवणारीचा, हा नियम ताईचा. ती मोठी आहे, त्यामुळे नियमावर चर्चा होत नाही.

२०२०च्या टाळेबंदीत लॉस एंजेलिसच्या गेटी या कलासंग्रहालयाने घरातल्या तीन वस्तू वापरून कलाकृती साकारायचं आव्हान लोकांना दिलं होतं. आमचा खेळ त्याच जातकुळीतला. फरक इतकाच, की आमच्या हाताशी रंगवायचं पेन असतं आणि चित्र बघता बघता गायब होतं.

सुरुवात मी बेल्जियन चित्रकार मॅग्रिटच्या ‘सन ऑफ मॅन’पासून केली (१९६४). कारण उघड होतं, आळस. कोट, टोपी, लाल टाय आणि चेहऱ्यासमोर हिरवं सफरचंद. सफरचंदाचं इमोजी ॲपमध्ये तयारच असतं, पानासकट. ते चेहऱ्यावर ठेवलं, दोन बोटांनी मोठं केलं, मागे राखाडी आकाश फासलं आणि पाठवलं. ताईचं उत्तर लगेच आलं : “ओळखलं गं, पण डोळा कुठाय?” मूळ चित्र पुन्हा उघडून पाहिलं. खरंच, सफरचंदाच्या कडेवरून त्या माणसाचा डोळा डोकावतो! इतकी वर्षं ते चित्र बघतेय, पण हे कधी दिसलंच नव्हतं. सफरचंद केसभर सरकवलं आणि नुसता टोपीवाला माणूस होता तो एकदम माझ्याकडे बघायला लागला.

मग जपानी चित्रकार होकुसाईची लाट. ही साधारण १८३१ची, लाकडी ठशांवरून छापलेली. ठशाचं चित्र म्हणजे ठळक रेषा आणि सपाट रंग, म्हणजे बोटाला अगदी सोयीचं. निळी चादर खुर्चीच्या पाठीवर टाकून तिला वळ्या पाडल्या, पेनांची तीन टोपणं होड्या म्हणून ठेवली आणि लाटेच्या टोकाची ती पांढरी नखं स्क्रीनवर काढली. रंगाच्या पट्टीवर हवा तो निळा मात्र पटकन सापडत नाही. होकुसाईचा तो गडद निळा प्रशियन ब्लू, म्हणजे युरोपात तयार झालेला कृत्रिम रंग. पट्टीवर बोट थोडं खाली गेलं की जांभळा, थोडं वर गेलं की आकाशी. शेवटी चादरीचाच निळा राहू दिला आणि फक्त सावल्या गडद केल्या. फुजी पर्वत कागदाचा छोटा त्रिकोण कापून केला. तो लहानच हवा. मूळ चित्रात तो लाटांमधलीच एक लाट वाटावा इतका मागे आणि इतका इवला आहे, आणि चित्राची सगळी गंमत त्यातच आहे.

या चित्रात एक अडचण आली. लाट आडवी, फोन उभा. फोन आडवा धरून काढलं तर ताईलाही तो आडवा करावा लागतो आणि तिचे दोन सेकंद त्यातच जातात. तेव्हापासून शक्यतो उभीच चित्रं घेते. नॉर्वेच्या मुंकचं ‘स्क्रीम’ (१८९३) त्यातलंच. केस घट्ट मागे बांधायचे, फोन पुस्तकांना टेकवायचा, टायमर लावायचा आणि दोन्ही हात कानांवर. गालांवर नाही, कानांवर. बहुतेक जण गाल दाबून तोंड वासतात आणि तिथेच फसतात. त्या आकृतीने कान झाकलेत, ऐकू येणारं काहीतरी तिला नको आहे. आकाशाच्या नागमोडी पट्ट्या मात्र बोटाने काढायला भलतीच मजा येते. मुंकने हे पुठ्ठ्यावर रंगवलं, काही ठिकाणी रंगाखालचा पुठ्ठा तसाच दिसतो, त्यामुळे आपल्याही रेघा कुठे सुटल्या तर चालून जातं.

मोनालिसाने मात्र मला हात टेकायला लावले. लिओनार्दोच्या चित्रात ओठांच्या कोपऱ्याला, डोळ्यांच्या कडांना रेघच नाही, धुरासारखी एक छटा दुसरीत विरघळते. ॲपच्या पेनचा फराटा सपाट, कडा ठणठणीत. ओठाला एक रेघ लावली की मोनालिसा गेली आणि व्यंगचित्र आलं. तिथे माझा मार्ग ठरला : जे मऊ आहे ते कॅमेऱ्यावर सोपवायचं, जे ठळक आहे तेवढंच बोटाने काढायचं. म्हणजे खरं काम पेन हातात घेण्याच्या आधीच, खिडकीपाशी, उरकलेलं असायला हवं.

हा हिशोब पुरेपूर लागू पडला तो डच चित्रकार व्हर्मीरच्या ‘गर्ल विथ अ पर्ल इअररिंग’ला (साधारण १६६५). मूळ चित्र नेदरलँड्समधल्या हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे, आणि आकाराने जेमतेम ४४.५ × ३९ सेंटिमीटर. चौरसाच्या जवळ जाणारा हा आकार फोनच्या लांबट स्क्रीनवर बसवला की वरखाली जागा उरते, पण पार्श्वभूमीच काळी असल्याने ती काळ्यात मिसळून जाते. ही काळी पार्श्वभूमी मुळात अशी नव्हती. संग्रहालयाने चित्राची तपासणी केली, तिचे निष्कर्ष २०२०मध्ये जाहीर झाले. मागे हिरवा पडदा होता, काळाच्या ओघात तो दिसेनासा झाला, आणि डोळ्यांना बारीक पापण्याही होत्या. मला मात्र जगाला माहीत असलेली मुलगी हवी होती, म्हणून पडदा वगळला.

निळी ओढणी डोक्याला गुंडाळली, पिवळ्या कापडाचा पदर मागे सोडला. खोलीतले सगळे दिवे बंद केले आणि एकच खिडकी उघडी ठेवली, चित्राच्या डाव्या बाजूला येईल अशी. समोरचा कॅमेरा आरशासारखं उलटं दाखवतो, त्यामुळे मान कुठे वळवायची हे स्क्रीन बघून ठरवलं तर घोळ होतो. तिचा डावा कान आपल्याला दिसतो, एवढं पक्कं धरून बसायचं. स्क्रीनचा उजेड कमी करायलाही हवा, नाहीतर फोनचाच निळसर प्रकाश गालावर पडतो आणि खिडकीच्या उजेडाचा बेरंग करतो.

फोटो आल्यावर पेनचं काम तीन ठिकाणी. मागची भिंत जाड ब्रशने काळी करायची. खांद्यापाशी आणि ओढणीपाशी दोन बोटांनी ब्रश बारीक करून कड सांभाळायची. तिथे हात हलला की ‘अनडू’चा बाण आहेच. मग ओठांच्या कोपऱ्यात पांढरट गुलाबी ठिपका, अगदी टाचणीच्या टोकाएवढा. व्हर्मीरनेही तो ठेवलाय आणि त्याच्यामुळेच ओठ ओलसर वाटतात.

आणि मोती. जवळून पाहा, तिथे मोती जवळपास नाहीच. वर डावीकडे पांढऱ्या रंगाचा एक जाड ठिपका, खाली कॉलरचं प्रतिबिंब पडावं तसा राखाडी पट्टा, बस्स. त्याला कानात अडकवायला आकडीसुद्धा रंगवलेली नाही. मी कानाखालची सावली काळी केली, पांढरा ठिपका टेकवला, खाली राखाडी वळण ओढलं. बाह्यरेषा काढायचा मोह आवरला, कारण ती आली की मोत्याचं स्टिकर होतं. फोन हातभर लांब धरला आणि मोती लोंबकळायला लागला.

पाठवण्याआधी फोटो गॅलरीत उतरवून ठेवला. ताई म्हणते, हे खेळाच्या विरुद्ध आहे. असेल. पण एक अख्खी दुपार दहा सेकंदांत उडून जाऊ देण्याइतकी मी उदार नाही. ताईने ती मुलगी अर्थात ओळखली, आणि लिहिलं, “मान अजून थोडी वळव, कंजूस!”

व्हॅन गॉगच्या ‘स्टारी नाइट’च्या (१८८९) वाटेला मी जात नाही. तिथे सगळं चित्र रंगाच्या जाडीवर आणि फटकाऱ्यांवर उभं आहे. काचेवर ती जाडी कुठून आणणार? स्यूरा अख्खं चित्र ठिपक्याठिपक्यांनी रंगवायचा, ते ठिपकेही नकोत, बोट दुखतं.

सध्या अमेरिकन चित्रकार ग्रँट वुडचं ‘अमेरिकन गॉथिक’ (१९३०) मनात घाटतंय : घरासमोर काटा धरून उभा शेतकरी आणि शेजारी एक बाई. त्याला माणसं दोन लागतात आणि आम्ही दोघी वेगवेगळ्या गावांत. पण वुडनेही आपली बहीण आणि आपला दंतवैद्य यांना वेगवेगळं बसवून ते चित्र रंगवलं. त्यामुळे बेत असा ठरलाय : ताईने तिचा अर्धा भाग काढून पाठवायचा, मी तो टॅबलेटवर उघडून शेजारी उभा करायचा आणि दोघींचा मिळून स्नॅप घ्यायचा. तीन दात्यांचा तो काटा कुणी धरायचा, यावर मात्र अजून एकमत झालेलं नाही.