गालातला धागा: पीडीओ, पीएलएलए की पीसीएल?

धुळ्याच्या एका खासगी रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात सव्वीस वर्षे परिचारिका म्हणून काढल्यामुळे टाक्यांच्या धाग्यांची पाकिटे माझ्या हातून हजारोंनी गेली आहेत. कॅटगट, विक्रिल, पीडीएस, प्रोलिन यांपैकी नेमके काय लागणार, हे पोटाच्या कोणत्या थरावर काम चालू आहे यावरून मला कळत असे, आणि सर्जननी हात पुढे करण्याच्या आत पाकीट फाडलेले असे. त्याच पीडीएसचा भाऊबंद निवृत्तीनंतर माझ्याच गालात जाईल, असे तेव्हा कोणी म्हटले असते तर मी मास्कच्या आत हसले असते.

झाले असे की बावन्नाव्या वर्षी मधुमेह निघाला, आणि पथ्य, चालणे व औषधे यांमुळे वर्षभरात माझे अकरा किलो वजन उतरले. साखर सुधारली, पण चेहरा उतरला. गालाखालचे मांस हनुवटीच्या दोन्ही बाजूंना ओघळले आणि नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची घडी खोल झाली. लग्नकार्यात भेटणारी प्रत्येक बाई हात धरून आजाराची चौकशी करू लागली. कानापुढे चीर घेऊन करायची फेसलिफ्टची शस्त्रक्रिया मला नको होती. ती कशी होते हे मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिलेले आहे. त्वचेखाली विरघळणारे धागे घालून ओघळलेला गाल वर ओढून धरायचा, अशा धाग्यांच्या उपचाराची माहिती भाचीने दिली.

पहिली चौकशी मी एका मोठ्या शहरातल्या चकचकीत दवाखान्यात केली आणि तिथून रागावूनच परतले. डॉक्टर भेटण्याआधी एका मुलीने मला दरपत्रक दाखवले. त्यावर धाग्यांची विभागणी साधा, प्रीमियम आणि गोल्ड अशी होती. धागा कशाचा आहे, या प्रश्नाला ‘इंपोर्टेड आहे मॅडम, कोरियन’ एवढेच उत्तर मिळाले. पाकीट दाखवा म्हटले तर ते उपचाराच्या वेळीच उघडते, असे सांगण्यात आले. उघडायला मी सांगितलेच नव्हते. पाकिटाच्या बाहेरच्या बाजूला पदार्थाचे नाव, जाडी, बॅच क्रमांक, मुदत आणि निर्जंतुक करण्याची पद्धत छापलेली असते, आणि ती वाचण्याचा हक्क ज्याच्या अंगात धागा जाणार त्याला असलाच पाहिजे. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याखाली आलेली आहेत. परदेशी धाग्याच्या वेष्टनावर आयात परवान्याचा उल्लेख शोधण्यात उद्धटपणा कसला?

घरी आल्यावर मी जुनी पुस्तके काढली आणि एका वहीत तिन्ही पदार्थ शेजारीशेजारी मांडले. पीडीओ म्हणजे पॉलीडायॉक्सनोन, पीएलएलए म्हणजे पॉली-एल-लॅक्टिक आम्ल आणि पीसीएल म्हणजे पॉलीकॅप्रोलॅक्टोन. तिन्ही एकाच पॉलिएस्टर कुळातले आहेत आणि तिन्ही शरीरातल्या पाण्यानेच तुटतात. कॅटगट हा मेंढीच्या किंवा गुराच्या आतड्यापासून बनत असल्यामुळे त्याला शरीरातली पाचक द्रव्ये खाऊन टाकतात आणि भोवती दाहही बराच होतो; हे कृत्रिम धागे मात्र शांतपणे झिजतात. फरक आहे तो झिजण्याच्या वेगात आणि अंगच्या ताठपणात.

पीडीओ माझ्या ओळखीचा, कारण आमचा पीडीएस त्याचाच बनतो. टाक्यांसाठी तो १९८० च्या दशकापासून वापरात आहे आणि साधारण सहा ते आठ महिन्यांत तो शरीरातून नाहीसा होतो. इथे एक गोष्ट माहितीपत्रके हटकून गाळतात. धागा नाहीसा होणे आणि धाग्याची ताकद जाणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि ताकद कितीतरी आधी जाते. पीडीएसचा टाका, जाडीनुसार कमीअधिक, पण चार ते सहा आठवड्यांत आपली बरीच ताकद गमावून बसलेला असतो. पोटाच्या टाक्याला ते चालते, कारण तोवर जखम स्वतः सांधलेली असते. गालात मात्र सांधायला जखम नसते. गाल पकडून धरण्यासाठी धाग्यावर बारीक काटे असतात; त्यांच्याभोवती जे तंतुमय पेशीजाल आणि कोलॅजन, म्हणजे त्वचेला आधार देणारे प्रथिन, तयार होते, त्यानेच पुढचा भार पेलायचा असतो, आणि ते किती तयार होईल हे वयावर, त्वचेच्या जाडीवर आणि रुग्णाच्या साखरेवरही ठरते.

पीएलएलए हा तिघांत सर्वांत ताठ. त्याचे विघटन होऊन लॅक्टिक आम्ल बनते, जे आपले स्नायू रोजच तयार करतात, त्यामुळे पदार्थ म्हणून त्याची भीती नाही. त्याच पदार्थाची भुकटी सुईवाटे देऊन खोलगट गाल भरण्याच्या उपचाराला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये एचआयव्हीच्या रुग्णांसाठी मान्यता दिली होती, आणि कोलॅजन वाढवण्याबद्दल त्याचा लौकिक तिथूनच आहे. धागा म्हणून तो दीड ते दोन वर्षे टिकतो असे सांगतात. परंतु ताठ धागा पातळ त्वचेखाली बोटाला लागतो, आणि सतत हलणाऱ्या गालात तो वाकण्याऐवजी तुटण्याची शक्यता अधिक असते. याच कुळातल्या काही धाग्यांवर काट्यांऐवजी छोटे शंकू ओवलेले असतात, आणि ते शंकूही विरघळतात.

पीसीएल हा लवचीक आणि चिवट. साठ अंश सेल्सिअसच्या आसपासच तो वितळतो, यावरून त्याच्या मऊपणाची कल्पना यावी. शरीरात तो सर्वांत हळू झिजतो. दोन वर्षे किंवा त्याहूनही अधिक. किंमतही त्याचीच सर्वांत जास्त.

वहीत एवढे लिहून झाल्यावर कोणालाही पीसीएलच घ्यावासा वाटेल, आणि मलाही दोन दिवस तसेच वाटले. मग शस्त्रक्रियागृहातली सवय आडवी आली. तिथे आम्ही कोणतीही वस्तू आत ठेवताना ती बाहेर कशी काढायची याचा विचार आधी करत असू. धागा चुकीच्या थरात बसला, खळी पडली किंवा टोक टोचू लागले, तर सहा महिन्यांत विरघळणारी चूक आणि दोन वर्षे सोबत राहणारी चूक यांत मी कोणती निवडेन? काट्यांचा धागा एकदा पकड घेऊन बसला की ओढून काढणे सोपे नसते. पहिल्या वेळी पीडीओ, हे मी तिथेच ठरवले.

जळगावच्या ज्या प्लास्टिक सर्जनकडे मी शेवटी गेले, त्यांनी मला पहिल्याच भेटीत परत पाठवले. माझे एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारा रक्ततपासणीचा आकडा, ८.१ होते. ‘सिस्टर, ही साखर घेऊन तुम्ही मला गाठ काढायला सांगितली असती तर मी थांबले असते. ही तर हौस आहे,’ असे त्या म्हणाल्या, आणि मला फार बरे वाटले. सात्त्विक संताप येण्याऐवजी बरे वाटले, कारण पैसे सोडणारा डॉक्टर मी लगेच ओळखते. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, जखमेचा व्रण कधी फुगला होता का, संधिवातासारखा काही आजार आहे का, तोंडाला वारंवार नागीण होते का, हे सर्व त्यांनी लिहून घेतले. तीन महिन्यांनी आकडा ६.८ वर आला, आणि डिसेंबरातली तारीख मिळाली. उन्हाळा त्यांनीच टाळला. धुळ्या-जळगावच्या मे महिन्यात घामाने टेप टिकत नाही आणि स्कार्फ घट्ट बांधल्याशिवाय बाईमाणसाला दुचाकीवर बसता येत नाही. तो स्कार्फ नेमका गालावरच आवळतो. मी विचारले की धागे ठेवता कुठे, तर त्यांनी वातानुकूलित खोलीतले बंद कपाट उघडून दाखवले. पाण्याने तुटणारा पदार्थ ओलावा आणि उष्णता यांपासून जपावाच लागतो, म्हणून तो अॅल्युमिनियमच्या पाकिटात येतो.

उपचाराच्या दिवशी खुणा मला बसवून केल्या. आडवे झाले की ओघळलेला गाल आपोआप कानाकडे सरकतो आणि झोपलेल्या माणसावर काढलेली रेघ खोटी ठरते. कानशिलाजवळ केसांच्या कडेला भूल देऊन एक भोक केले आणि बोथट टोकाच्या पोकळ नळीतून धागा गालाच्या चरबीच्या थरातून हनुवटीच्या दिशेने नेला. दुखले ते भुलीच्या सुईचे. नंतर जाणवत होता तो फक्त दाब, आणि आवाज. काट्यांनी पकड घेताना कानात कडकड असा जो आवाज येतो, त्याची पूर्वकल्पना मला कोणी दिली नव्हती. वाळलेले बाजरीचे ताट हळूहळू मोडावे तसा तो होता. नळी निघाली, डॉक्टरांनी बोटांनी गाल वर सारून धागा ताणला, उरलेले टोक त्वचा दाबून कापले आणि ते आत दडले की नाही हे भिंगातून पाहिले. टोक बाहेर राहिले तर जंतूंना आयता रस्ता मिळतो. प्रत्येक बाजूला चार असे आठ काटेरी धागे गेले. साधे गुळगुळीत बारीक धागेही मिळतात, पण त्यांनी त्वचेचा पोत थोडा सुधारला तरी गाल उचलला जात नाही, म्हणून ते मी नाकारले. एकूण चाळीस मिनिटे आणि ३४,००० रुपये.

परतीच्या प्रवासात पारोळ्याच्या अलीकडे गाडी एका खड्ड्यात आदळली तेव्हा मात्र देव आठवला.

पुढचे तीन आठवडे तोंड मोठे उघडायचे नाही, उताणे झोपायचे, चेहरा चोळायचा नाही आणि दाताच्या डॉक्टरकडे जायचे नाही, अशी आज्ञा होती. डिसेंबर म्हणजे आमच्याकडे भरिताचा हंगाम. भरीत मऊ म्हणून चालत होते, पण सोबतची कळण्याची भाकरी चावायची परवानगी नव्हती. शेजारच्या पंगतीत मी भरीत चमच्याने खात बसले. उजवा गाल निळा पडला होता. समोरच्या आजींनी निरखून पाहिले आणि म्हणाल्या, ‘काय व्हयनं माय, दाढ दुखस का?’ मी हो म्हटले. खोटे बोलले, पण जांभई देताना खरोखरच दाढेसारखेच दुखत होते.

डाव्या गालावर डोळ्याखाली दोन बोटांवर एक खळी पडली. हसले की ती एवढी ठळक दिसे की मी आठवडाभर आरशाशी भांडले. डॉक्टरांनी दहाव्या दिवशी ती बोटाने हलकी मोकळी केली आणि बाविसाव्या दिवशी ती गेली. त्या बारा दिवसांत मी कितीदा तरी मनाशी म्हटले असेल की बरे झाले, दोन वर्षांचा धागा घेतला नाही.

निकालाचे म्हणाल तर दीड-दोन महिन्यांनी जबड्याची कड स्पष्ट झाली आणि नाकाजवळची घडी उथळ झाली, नाहीशी झाली नाही. दहा वर्षांनी तरुण वगैरे काही झाले नाही. चौकशा थांबल्या, एवढेच मला हवे होते. सहाव्या-सातव्या महिन्यापासून फरक हळूहळू ओसरू लागला. वर्षाने जळगावला जाऊन आधीची आणि आताची छायाचित्रे एकाच उजेडात शेजारी ठेवली, तेव्हा उजवा गाल जवळजवळ पूर्वीच्या जागी आला होता आणि डावा, खळीवाला, अजून थोडा वर होता.

डॉक्टरांनी पुढच्या वेळी पीसीएलचा विचार करू या का, असे विचारले. माझी त्वचा आता त्यांना आणि मला दोघींना माहीत आहे, त्यामुळे तो प्रश्न या वेळी मला रास्त वाटला. मी साखरेची वही पुढे केली. तिच्या मागच्या पानावर, शस्त्रक्रियागृहात रुग्णाच्या कागदांना लावायचो तशीच, आठही पाकिटांवरची बॅच क्रमांकाची चिकटपट्टी मी लावून ठेवली आहे, आणि तिच्याखाली नव्या आठ पट्ट्यांपुरती जागा मोकळी आहे. पुढच्या पानावर मात्र त्या सकाळचा आकडा ७.४ होता, तो पाहून डॉक्टरांनी वही मिटली आणि मला मार्चमध्ये बोलावले.