पहिला पाऊस, खडूची रेघ आणि जुन्या बोटीचा डेक

मुंबईत शिडाच्या बोटींचा हंगाम साधारण ऑक्टोबरपासून मे अखेरपर्यंत असतो आणि नैऋत्य मोसमी वारे येण्यापूर्वी बोटी किनाऱ्यावर ओढून घेतल्या जातात. त्यामुळे इथे ज्याने त्याने मला एकच सल्ला दिला होता : पावसाळ्याचे चार महिने बोट जमिनीवरच असते, तेव्हा दुरुस्तीचे सगळे काम त्यात उरकावे. १९८०च्या दशकात बांधलेली २४ फुटी फायबरग्लासची बोट मी गेल्या वर्षी एप्रिलमध्ये विकत घेतली आणि मढजवळच्या एका शेडच्या आवारात ती उभी केली, तेव्हा माझाही हाच बेत होता. आज मी तो सल्ला कुणालाही देणार नाही. आपल्याकडचा पावसाळा जुनी बोट तपासण्यासाठी आणि उघडण्यासाठी फार चांगला आहे, पण चिकटवण्यासाठी आणि भरण्यासाठी तो वाईट आहे, आणि हा फरक न समजल्यामुळे माझे जवळजवळ पाच आठवडे वाया गेले.

या बोटींचा डेक वरून अखंड दिसत असला तरी तो बहुधा तीन थरांचा असतो. वर आणि खाली फायबरग्लासचे पातळ पापुद्रे आणि मध्ये हलक्या बाल्सा लाकडाचा गाभा. या गाभ्यामुळे डेक वजनाला हलका राहूनही पायाखाली दबत नाही. मात्र कठड्याच्या खांबांसाठी, दोर ओढायच्या कप्प्यांसाठी आणि डोलकाठीला बाजूने ताणून धरणाऱ्या तारांसाठी याच डेकमध्ये भोके पाडलेली असतात, आणि ज्या भोकाचे सील निकामी झाले त्या भोकातून पाणी थेट गाभ्यात उतरते. आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट नसते. ज्यांच्या आवारात माझी बोट होती ते मिस्त्रीकाका सारा जन्म लाकडी होड्या बांधत आले आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी खिशातून दहाचे नाणे काढून डेकभर वाजवले आणि म्हणाले, "भाऊ, लाकडाची होडी कुठे दुखतंय ते स्वतः सांगते. ही तुमची सांगत नाही, हिला विचारावं लागतं." चांगल्या भागावर नाणे खणखणीत वाजत होते, उजव्या बाजूला मधोमध मात्र भिजलेल्या दारावर टकटक करावी तसा बद्द आवाज आला.

नाण्याने खराबी कुठवर पसरली आहे ते कळते, पण पाणी नेमके कुठून शिरते ते कळत नाही. त्यासाठी मी केबिनच्या छताला आतून, प्रत्येक बोल्टच्या खाली आणि खिडकीच्या प्रत्येक कडेला, शाळेतल्या पांढऱ्या खडूने जाड रेघा ओढल्या आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसापूर्वी बोटीवरची ताडपत्री मुद्दाम काढून टाकली. तो पाऊस रात्रभर पडला. सकाळी टॉर्च घेऊन आत शिरलो, तेव्हा चाळीसपैकी एकतीस रेघा जशाच्या तशा होत्या, सहा ओल्या होऊन फिकट झाल्या होत्या आणि तीन पूर्ण ओघळल्या होत्या. उजवीकडच्या चेनप्लेटखालची, म्हणजे डोलकाठीची तार स्टीलच्या ज्या जाड पट्टीला बांधतात तिच्याखालची, रेघ तर पुसलीच गेली होती आणि तिच्या जागी चहाच्या रंगाचा ओघळ खालच्या बाकापर्यंत आला होता. चहाचा रंग कुजलेल्या लाकडातून येतो. पावसाळ्याचे हे एक काम दुसरा कोणताही ऋतू इतके चांगले करत नाही, कारण नळीने पाणी मारताना आपण आपल्याला सुचतील तिथेच मारतो, वाऱ्यासकट येणारा पाऊस मात्र सगळीकडून येतो.

त्यानंतर वरचा पापुद्रा ग्राइंडरच्या पातळ पातीने चौकोनी कापून मी अखंड उचलला. अडीच फूट लांब आणि दीड फूट रुंद एवढ्या जागेतला बाल्सा पाण्यात विसरलेल्या पावासारखा झाला होता. पटाशी न लागता तो हाताने निघत होता. चेनप्लेट डेकमधून आत जाते आणि शिडाचा ताण तारेमार्फत तिच्यावर येतो. ती बाहेर काढली तर वरून आणि खालून चकचकीत होती. जेवढा भाग डेकच्या जाडीत अडकलेला होता तेवढाच तपकिरी झाला होता. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्याच्यावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे, आणि तो थर टिकायला ऑक्सिजन लागतो. ओल्या लाकडात घट्ट बसलेल्या पट्टीला तो मिळत नाही, म्हणून ती दिसत नाही तिथेच खाऊन निघते. फॅब्रिकेशनच्या कारखान्यात वेल्डिंग तपासायला डीपी टेस्ट करतात, म्हणजे बारीक भेगेत रंग शिरवून ती दिसेल अशी करतात, त्याचे स्प्रे आणून मी पट्टीवर लाल रंग मारला, पुसला आणि वर पांढरा डेव्हलपर मारला. दहा मिनिटांत बोल्टच्या भोकापासून कडेपर्यंत केसासारखी एक लाल रेघ उमटली. ही पट्टी भर वाऱ्यात तुटली असती तर डोलकाठी खाली आली असती. त्या रेघेकडे बघताना मला पहिल्यांदा पटले की नवे दिवे, नवी बॅटरी आणि नवी शिडे यांची जी यादी मी एप्रिलपासून करत होतो ती बाजूला ठेवली पाहिजे.

इथवर सगळे ठीक चालले होते. चूक पुढे झाली. जुलैमध्ये, उघडा गाभा दोन दिवे लावून आठवडाभर सुकवल्यावर, मी नवा गाभा बसवून इपॉक्सी, म्हणजे हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणारे चिकट रसायन, भरली. बाहेर पाऊस थांबला होता, पण हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर होती. दुसऱ्या दिवशी इपॉक्सीवर हाताला मेणचट लागणारा थर आलेला दिसला. हार्डनरमधली अमाइन्स हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतात, तेव्हा हा थर तयार होतो. तो साध्या पाण्याने आणि घासणीने धुऊन जातो, पण आधी पॉलिश पेपर मारला तर तो घासला जाऊन आतच बसतो आणि पुढचा थर त्याला धरत नाही. मी आधी पॉलिश पेपर मारला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तो सगळा भाग टाचेखाली पोकळ वाजू लागला आणि मला तो पुन्हा उघडावा लागला.

मग मी चिकटवण्याचे काम पूर्ण थांबवले आणि उरलेला पावसाळा बाजारात आणि बोटीच्या पोटात घालवला. नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात दुकानदार स्टीलला आकड्यानेच ओळखतात, तीनशे चार आणि तीनशे सोळा. समुद्रावर तीनशे सोळाच हवे, कारण त्यात मिठाला तोंड देणारे २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते. लोहचुंबकाने या दोन्हींतला फरक कळत नाही, हे मी आग्रहाने सांगतो, कारण दुकानात चुंबक लावून खात्री पटवण्याची पद्धत आहे. मॉलिब्डेनम ओळखणारे टेस्टचे द्रावण थेंबभर टाकूनच बोल्ट घ्यावेत. बोल्टखाली लावायच्या मजबूत पट्ट्यांसाठी परदेशी बोटमालक जो माल वापरतात, तोच लोहार चाळीच्या विजेच्या सामानाच्या बाजारात इन्सुलेशनचा ग्लास इपॉक्सी शीट म्हणून विकला जातो, आणि तो न कुजणारा, न गंजणारा आहे. वायरिंग मी कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारेचे नव्याने केले, दिवे एलईडी केले. या कामाबद्दल फार लिहिण्यासारखे काही नाही; ते सावकाश आणि नीट करायचे असते, इतकेच.

कोजागरीच्या सुमारास हवा कोरडी झाली. उघड्या गाभ्यावर पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवायचे आणि सकाळी आतून दव धरते का ते बघायचे, असे मी रोज केले. सलग तीन दिवस प्लास्टिक कोरडे निघाले, तेव्हा काम सुरू केले. ऑक्टोबरच्या उन्हात इपॉक्सी डब्यातच तापून घट्ट होते, म्हणून ती लहान लहान मापात कालवून पसरट ट्रेमध्ये ओतावी लागते. वेळही संध्याकाळचीच निवडावी. दिवसा लाकूड तापत असताना त्यातली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते. संध्याकाळी लाकूड निवू लागले की तीच हवा आकसते आणि इपॉक्सीला आत ओढून घेते. कापलेल्या पापुद्र्याच्या कडा मी जाडीच्या बारापट उतार देऊन घासल्या, म्हणजे ३ मिलिमीटरला ३६ मिलिमीटर, आणि त्या उतारावर काचेचे कापड थरावर थर बसवले. बोल्टचे प्रत्येक भोक आधी मोठे पाडले, त्याच्या कडेचा बाल्सा वाकवलेल्या खिळ्याने कोरून काढला, ते भोक घट्ट कालवलेल्या इपॉक्सीने भरले आणि ती वाळल्यावर मधोमध नवे भोक पाडले. आता बोल्टमधून पाणी झिरपले तरी त्याला लाकूड भेटणार नाही. आधीच्या मालकाने सगळीकडे सिलिकॉन भरले होते. त्याचा अंश राहिलेल्या जागी दुसरे काही चिकटत नाही, त्यामुळे ते खरवडण्यातच दोन रविवार गेले.

नोव्हेंबरच्या शेवटी, उधाणाच्या भरतीला, बोट पाण्यात उतरवली. त्याआधी केबिनमध्ये पुन्हा त्याच चाळीस ठिकाणी खडू ओढला होता आणि भाच्याला डेकवर पाइप घेऊन तासभर उभे केले होते. चेनप्लेटखालची रेघ कोरडी राहिली. मी आत पाठीवर पडून एकेक रेघ बघत होतो, तेवढ्यात वरून त्याने विचारले, "मामा, बंद करू का पाणी?" मी नको म्हणालो, कारण डाव्या बाजूच्या खिडकीच्या पुढच्या कोपऱ्यात खडू नुकताच करडा पडू लागला होता. त्या खिडकीवर सध्या टेप लावून मी बोट चालवतो आहे. येत्या मेमध्ये सगळ्यात आधी तिचीच चौकट निघेल.